लॉनची खोड मोडता येते, टर्फची नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

हिरवळ लावायची तर खरी (म्हणजे लॉन) की आर्टिफिशियल (म्हणजे प्लास्टिकचा टर्फ), हा प्रश्न हल्ली सारखा निघतो. मैदानासाठी निघतो, शाळेसाठी निघतो, घरापुढच्या चार हात जागेसाठी पण निघतो, आणि दरवेळी चर्चा पाच मिनिटांत संपते, कारण कोणीतरी म्हणतं की टर्फला पाणी लागत नाही, खत लागत नाही, कापायला लागत नाही, म्हणजे पर्यावरणाला तेच चांगलं, आणि बाकीचे मान डोलावतात. मी पण डोलावली होती. मग एकदा भर दुपारी मुलांच्या खेळायच्या जागेत टर्फवर सहज हात टेकवला आणि चटका बसून मागे घेतला, आणि तेव्हापासून या विषयावर जे मिळेल ते वाचत गेले. पत्र लांबलंय याची कल्पना आहे. कापावं लागलं तर माझी मतं कापा पण आकडे राहू द्या, ही विनंती.

आधी एक सांगते, मी लॉनची वकिली करायला बसलेली नाही. लॉनचे अपराध थोडेथोडके नाहीत. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर, हा हिशोब डोक्यात ठेवा, आणि कडक उन्हाळ्यात गुळगुळीत हिरवंगार लॉन ठेवायचं तर आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर पाणी द्यायला सांगतात, म्हणजे १०० चौरस मीटरच्या छोट्या लॉनला आठवड्याला अडीच हजार लिटर. नुसतं दिसायला. अमेरिकेत तर नासाच्या मदतीने सॅटेलाइटचे फोटो वापरून २००५ मध्ये अंदाज काढला होता, तिथे लॉनखाली दीड लाख चौरस किलोमीटरहून जास्त जमीन निघाली, पाणी देऊन पिकवलेल्या मक्याच्या साधारण तिप्पट, म्हणजे तिथलं पाण्यावरचं सगळ्यात मोठं पीक कुठलं तर जे कोणी खात नाही ते. शेवटी नेवाडा राज्याने २०२१ साली कायदा केला की लास वेगासच्या भागात जिथे कोणी खेळत नाही, बसत नाही, अशा नुसत्या शोभेच्या लॉनला (घरांची लॉन सोडून, ऑफिसं, रस्त्यांचे दुभाजक वगैरे) २०२७ पासून कोलोराडो नदीचं पाणी द्यायचं नाही. मला हा कायदा फार पटतो, कारण त्यात गवताला शिक्षा नाही, उधळपट्टीला आहे.

पाण्यानंतर खत. लॉन गडद हिरवं दिसावं म्हणून लोक नायट्रोजनचं खत सढळ हाताने टाकतात, ते खत बनवतानाच नैसर्गिक वायू जळतो, टाकल्यावर त्यातलं काही नायट्रेट होऊन जमिनीखालच्या पाण्यात उतरतं आणि काही नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातं, जो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवतो. त्यावर गवत कापायचा पेट्रोलचा मोअर. त्यावर तणनाशक. आणि तणनाशकाचं एक मला कधीच विसरता येत नाही, की पूर्वी लॉनच्या बियाण्यात क्लोव्हर म्हणजे ती छोटी तीन पानांची वनस्पती मुद्दाम मिसळायचे, कारण ती हवेतला नायट्रोजन धरून गवताला फुकट खत द्यायची. १९४० च्या दशकात टू-फोर-डी नावाचं तणनाशक आलं, ते रुंद पानाचं सगळं मारायचं, त्यात क्लोव्हर पण मरायचं, आणि हळूहळू लोकांना पटवलं गेलं की क्लोव्हर हेच तण आहे. म्हणजे फुकट मिळणारं खत मारायला औषध विकत घ्या आणि मग त्याच्या जागी खत विकत घ्या. लॉनचा हा सगळा तमाशा माणसाने केलाय, गवताने नाही.

आणि इथेच माझा सगळा मुद्दा आहे. लॉनचा जो दोष आहे तो आपल्या सवयीत आहे, तो उद्या सकाळपासून कमी करता येतो. टर्फचा दोष त्याच्या अंगात आहे, तुम्ही कितीही जपून वापरा, तो तिथेच राहणार. तुलना करताना लोक नेमकं उलटं करतात, सगळ्यात वाईट रीतीने ठेवलेलं लॉन घेतात आणि त्याच्यासमोर शोरूममधला नवाकोरा टर्फ ठेवतात.

टर्फ म्हणजे नक्की काय ते आधी बघू. वरची पाती पॉलिथिलिनची, म्हणजे ज्याच्या पिशव्या बनतात तेच, खाली पॉलिप्रॉपिलिनचं कापड, त्याला लॅटेक्स किंवा पॉलियुरेथेनचा लेप, आणि मैदान असेल तर पाती उभी राहावीत म्हणून मध्ये वाळू आणि रबराचे बारीक दाणे भरतात. हे दाणे बहुतेक वेळा जुने टायर दळून केलेले असतात, फुटबॉलच्या एका पूर्ण मैदानात १०० टनांच्या आसपास. विकणारे सांगतात की बघा, हजारो टायर कचऱ्यात जायचे वाचले, रिसायकलिंग झालं. झालं का पण? टायर निदान एका जागी ढीग करून ठेवता येतो, त्याचे दोन-तीन मिलिमीटरचे दाणे केले की ते बुटात जातात, सॉक्समध्ये जातात, पावसाने गटारात जातात, वाऱ्याने कडेच्या मातीत जातात, म्हणून तर दरवर्षी नवीन दाणे आणून भर घालावी लागते. (भर घालावी लागते याचाच अर्थ आधीचे कुठेतरी गेले, आणि थोडे खाली दबले असतील असं धरलं तरी सगळे दबत नाहीत.) दहा वर्षांनी टर्फ निघतो तेव्हा तो टायर परत कचराच होतो, फक्त आता गोळा करता येत नाही असा.

युरोपियन युनियनच्या केमिकल एजन्सीने हिशोब काढला तेव्हा मुद्दाम वापरल्या जाणाऱ्या मायक्रोप्लास्टिकमध्ये सगळ्यात मोठा वाटा या मैदानांच्या दाण्यांचा निघाला, वर्षाला सुमारे १६,००० टन. म्हणून २०२३ मध्ये त्यांनी नियम केला, आणि असे दाणे विकायला ऑक्टोबर २०३१ पासून तिथे बंदी आहे. आठ वर्षांची मुदत का दिली तर आधीच टाकलेल्या मैदानांचं आयुष्य संपू दे म्हणून, आणि ते मला योग्यच वाटतं.

दाण्यांऐवजी कॉर्क वापरा, नारळाचा काथ्या वापरा, असं आता सांगतात. चांगलंय, वापरा. पण पाती तर प्लास्टिकचीच ना. ऊन लागून, बुटाखाली घासून ती पाती तुटतात. बार्सिलोना विद्यापीठाच्या लोकांनी नदीतलं आणि किनाऱ्याजवळच्या समुद्रातलं पाणी गाळून बघितलं, २०२३ मध्ये ते छापून आलं, तर पाच मिलिमीटरपेक्षा मोठ्या प्लास्टिकच्या तुकड्यांमध्ये काही ठिकाणी १५ टक्क्यांपर्यंत टर्फची हिरवी पाती निघाली. समुद्रात. आणि घराच्या टर्फमध्ये रबर नसलं तरी पाती असतातच, त्यामुळे ‘आमच्याकडे रबर नाही’ एवढ्याने सुटका होत नाही.

टायरच्या रबरातून जस्त झिरपतं हे जुनं झालं. नवीन जे कळलंय ते जास्त गंभीर आहे. टायर लवकर तडकू नये म्हणून त्यात सिक्स-पीपीडी नावाचं केमिकल घालतात, त्याची हवेतल्या ओझोनशी क्रिया होऊन एक दुसराच पदार्थ तयार होतो. सिएटलच्या आसपासच्या ओढ्यांमध्ये पाऊस पडला की कोहो सामन मासे अंडी घालायच्या आधीच का मरतात हे वर्षानुवर्षं कोडं होतं, २०२० च्या डिसेंबरात संशोधकांनी दाखवून दिलं की मारणारा हाच पदार्थ, रस्त्यावर झिजलेल्या टायरमधून धुऊन आलेला. तो अभ्यास रस्त्याचा होता, मैदानाचा नव्हता, हे मी स्पष्ट सांगते. पण मैदानात टाकतो तो माल त्याच टायरचा आहे, आणि मैदानाचं पाणी पण शेवटी ओढ्यालाच जातं.

आता माणसांच्या तब्येतीबद्दल. यात घाबरवणारं खूप फिरतं आणि मला त्यात भर घालायची नाही. नेदरलँड्समध्ये २०१६ साली या रबराच्या दाण्यांवरून एवढा गदारोळ झाला की पालक मुलांना मैदानावर पाठवेनात, तेव्हा तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने, आरआयव्हीएमने, १०० मैदानं तपासली आणि सांगितलं की खेळायला हरकत नाही, धोका नगण्य आहे. ठीक. पण त्याच संस्थेने नंतर २०१८ मध्ये मैदानाच्या कडेची माती आणि बाजूच्या चराचा गाळ बघितला, आणि तिथे जस्त, कोबाल्ट आणि खनिज तेल साचलेलं सापडलं, म्हणजे पर्यावरणावर परिणाम होतोय असं स्वच्छ म्हटलं. पहिला रिपोर्ट टर्फवाले दाखवतात, दुसरा दाखवत नाहीत. खेळणाऱ्याला सुरक्षित आणि मातीला सुरक्षित या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि उष्णता! मला तर सगळ्यात जास्त हेच बोचतं, कारण तो चटका मी स्वतः खाल्लाय. अमेरिकेत ब्रिगहॅम यंग विद्यापीठात २००२ च्या उन्हाळ्यात एकाच ठिकाणी टर्फ, गवत, डांबर सगळं मोजलं, सकाळी सात ते संध्याकाळी सातपर्यंतची सरासरी काढली तर गवत साधारण २६ अंश सेल्सिअस, डांबर ४३ आणि टर्फ ४७. डांबरापेक्षा जास्त. हवा ३७ अंश होती त्या दिवशी टर्फचा पृष्ठभाग ९३ अंशांपर्यंत गेला. त्यांनी मग पाणी मारून बघितलं, ७९ अंशांचा टर्फ २९ वर आला, सगळ्यांना बरं वाटलं असेल, पण पाच मिनिटांत ४९ झाला आणि वीस मिनिटांत ७३.

असं का होतं ते समजून घेतलं की सगळा फरकच समजतो. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २४०० किलोज्यूल उष्णता लागते. गवत मुळांनी पाणी ओढतं, पानांतून सोडतं, आणि ती उष्णता स्वतःवरून उचलून नेतं, दिवसभर, न सांगता. म्हणजे लॉनला दिलेलं पाणी पूर्ण वाया जात नाही, त्यातलं बरंचसं आजूबाजूची हवा गार करण्यात खर्च होतं. टर्फकडे मूळ नाही, ओल धरणारी माती नाही, ऊन शोषायचं आणि तापायचं एवढंच त्याला जमतं. जिथे आधीच काँक्रीट आणि डांबराने जीव नकोसा झालाय तिथे उरलेली एकमेव मोकळी जागा पण तापवायची, हे मला समजत नाही.

‘टर्फला पाणी लागत नाही’ या वाक्याचं पण एकदा बघूच. हॉकी १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकपासून टर्फवर खेळतात, आणि वर्षानुवर्षं मोठ्या मॅचआधी त्या टर्फवर हजारो लिटर पाणी मारलं जातं, नाहीतर बॉल नीट पळत नाही आणि पडलं की कातडी सोलते. आता त्यांचे लोक स्वतःच बिनपाण्याचा टर्फ शोधतायत. घरी कुत्रा असेल तर विचारा, खऱ्या गवतात कुत्र्याची लघवी मातीतले जिवाणू पचवतात, टर्फमध्ये ती पात्यांच्या बुडाशी साचते, वास येतो, मग धुवा, मग वासाचं लिक्विड मारा, ते लिक्विड कुठे जातं? पाणी लॉनपेक्षा खूप कमी लागतं हे कबूल, ते मी नाकारत नाही. पण ‘लागत नाही’ हे खरं नाही.

कार्बनचा हिशोब मी लांबवत नाही. कॅनडात टोरोंटोच्या एका शाळेच्या मैदानासाठी २००७ मध्ये टर्फ बनवण्यापासून विल्हेवाटीपर्यंतचा दहा वर्षांचा हिशोब मांडला होता, तो साधारण ५५ टन कार्बन डायऑक्साइडएवढा निघाला आणि तो फेडायला १८६१ झाडं लावावी लागतील असं निघालं. एका मैदानाला. लॉन मातीत थोडा कार्बन साठवतं, पण खत आणि मोअर यांचा अतिरेक केला तर ती कमाई तिथेच संपते. शिवाय २०१८ मध्ये हवाई विद्यापीठाने दाखवलंय की पॉलिथिलिन उन्हात पडून राहिलं की त्यातून मिथेन आणि इथिलिन सुटतं, झिजत जाईल तसं जास्त. प्रमाण फार मोठं नाही, पण उन्हात अंथरून ठेवायलाच जे बनवलंय त्याच्याबद्दल हे आहे.

टर्फ कुठेच नको असं म्हणायचं नाही. टर्फ जगाला माहीत झाला तो अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोम या छत असलेल्या बेसबॉल स्टेडियममुळे, तिथे १९६५ मध्ये छताखाली खरं गवत लावलं होतं, पारदर्शक प्लास्टिकच्या छतातून ऊन यायचं पण खेळाडूंचे डोळे दिपायचे, उंच आलेला बॉलच दिसायचा नाही, म्हणून छताला रंग दिला, आणि ऊन बंद झाल्यावर गवत मेलं. १९६६ मध्ये तिथे प्लास्टिक अंथरलं आणि ॲस्ट्रोटर्फ हे नाव तिथूनच पडलं. म्हणजे जिथे ऊनच नाही, गवत जगूच शकत नाही, तिथला तो इलाज होता. इनडोअर हॉलमध्ये, किंवा जिथे एकाच मैदानावर सकाळपासून रात्रीपर्यंत शेकडो मुलं खेळतात आणि दुसरी जागाच नाही, गवत तेवढं तुडवलं तर चिखल होणार, तिथे टर्फ घातला तर मी समजू शकते. पण उघड्या आभाळाखाली, भरपूर ऊन, खाली चांगली माती, आणि वापर म्हणाल तर संध्याकाळी चार लोक चालणार, तिथे प्लास्टिक कशासाठी? इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२२ मध्ये आपल्या फ्लॉवर शोमधून प्लास्टिकच्या गवताला बंदी घातली. बॉस्टन शहराने त्याच वर्षी ठरवलं की पार्कमध्ये नवीन टर्फ घालायचा नाही.

मातीबद्दल कोणी बोलतच नाही. टर्फ घालायचा तर वरची माती उचलून नेतात, त्याजागी खडी टाकून रोलर फिरवतात, मग वाळू, मग टर्फ. गांडुळं गेली. मधमाश्या म्हटलं की आपल्याला पोळं आठवतं, पण मधमाश्यांच्या जगात जवळजवळ ७० टक्के जाती एकट्या राहणाऱ्या आणि जमिनीत बीळ करून राहणाऱ्या आहेत, त्यांना बंद दार. पक्षी टर्फवर उतरतात, चोच मारून बघतात, उडून जातात, हे मी कितीदा बघितलंय आणि दरवेळी पोटात कालवतं. दोन-तीन सेंटिमीटर माती तयार व्हायला हजार वर्षंसुद्धा लागू शकतात असं संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना सांगते, आणि ती आपण एका सकाळी डंपरमध्ये भरतो, दहा वर्षं टिकणाऱ्या वस्तूसाठी.

मग लॉन कसं ठेवायचं? कमी ठेवायचं, हे पहिलं. जिथे पाय पडतात तेवढंच गवत, बाकी झुडपं, वेली, पाणी कमी लागणारी झाडं. गवत पण हट्टाने परदेशी मऊ जातीचंच नको, जिथे जे टिकतं ते लावा, गरम भागात आपली हरळीच घ्या ना, जगभरच्या मैदानांवर बर्म्युडा म्हणून मिरवते ती हीच, जी शेतातून उपटता उपटत नाही ती लॉनमध्ये का जगणार नाही. कापताना एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका, मैदान नसेल तर जरा उंचच ठेवा, मुळं खोल जातात, पाणी कमी लागतं. कापलेलं गवत पिशव्यांत भरून बाहेर फेकू नका, तिथेच पडू द्या, नायट्रोजनची साधारण पाव गरज त्यातूनच भागते. पाणी रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा-दोनदा खोलवर द्या, आणि सांडपाणी शुद्ध करून मिळत असेल तर तेच द्या. क्लोव्हर परत येऊ द्या. आणि उन्हाळ्यात गवत पिवळं पडलं की घाबरू नका, बऱ्याच जाती तेव्हा झोपलेल्या असतात, मेलेल्या नसतात, पहिल्या पावसाने आठ-दहा दिवसांत परत हिरव्या होतात. पिवळं गवत आपल्या डोळ्यांना खपत नाही म्हणून तर अर्धे लोक टर्फकडे जातात.

ज्यांनी आधीच टर्फ घातलाय त्यांना माझी कळकळीची विनंती, हे पत्र वाचून तो आज उखडू नका. बनवताना जे व्हायचं ते होऊन गेलंय, आता त्याचं पूर्ण आयुष्य वापरा. फक्त कडेने एक उंबरठ्यासारखी कड बांधा म्हणजे दाणे बाहेर जाणार नाहीत, गटाराच्या जाळीला बारीक गाळणी लावा आणि ती साफ करत जा, बाहेर पडताना बूट तिथेच झटकायला ब्रश ठेवा, आणि पानं काढायला ब्लोअर मारू नका, पानांबरोबर दाणे आणि तुटलेली पाती पण उडतात, झाडूने ओढा. ज्यांनी अजून घातलेला नाही आणि कोटेशन हातात आहे त्यांनी विकणाऱ्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या: दाणे कशाचे आहेत, दहा वर्षांनी हे सगळं परत कोण नेणार आणि त्याचं काय करणार, आणि आता जी माती निघेल ती कुठे जाणार. दुसऱ्या प्रश्नाला लेखी उत्तर मिळालं नाही तर सही करू नका.

आपली,
एक नियमित वाचक